ताज्या फळाची उष्णतावाहकता कशी मोजावी? सुईच्या पद्धतीची पायरी-पायरीने माहिती

वाशीच्या फळबाजारातून आंब्याच्या पेट्या शीतगृहात गेल्या की सगळ्यांचं लक्ष खोलीच्या तापमानाकडे असतं. पण खोली लवकर गार होते, कोयीजवळचा गर होत नाही. निर्यातीच्या आंब्याला फळमाशीसाठी गरम पाण्याची प्रक्रिया देतात, ४८ अंश सेल्सिअसला ६० मिनिटं. तिथेही प्रश्न हाच असतो: उष्णता आतपर्यंत पोचली का, आणि किती वेळात? याचं उत्तर ज्या दोन-तीन आकड्यांवर अवलंबून आहे, त्यातला एक म्हणजे गराची उष्णतावाहकता. ती वॅट प्रति मीटर प्रति केल्विन या एककात मोजतात. पुढे मी फक्त आकडा देईन, एकक हेच समजा.

नवी मुंबई आणि ठाण्यात अन्नतंत्रज्ञान किंवा रेफ्रिजरेशन शिकणारी मुलं, शीतगृहांचे तंत्रज्ञ आणि शेतकरी कंपन्यांत काम करणारी मंडळी मला हा प्रश्न विचारतात. पुस्तकात सूत्र असतं, तयार उपकरण महाग असतं आणि मधलं काही कोणी सांगत नाही. ते मधलं सगळं इथे लिहितो आहे. उपकरण आणि गणित या दोन्ही गोष्टी जमण्यासारख्या आहेत. आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा फळ हाताळताना, म्हणून त्या भागावर मी जास्त थांबणार आहे.

१. पद्धत निवडा, आणि ली डिस्क कपाटातच राहू द्या

कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ली डिस्क हे वाहकता मोजायचं उपकरण असतं, त्यामुळे पहिला हात या डिस्ककडे जातो. तिच्यात वाफेचा डबा असतो. रबराच्या किंवा पुठ्ठ्याच्या चकतीसाठी तो ठीक आहे, फळाची चकती मात्र त्यावर शिजते. वाफ टाळून कमी तापमानावर प्रयोग केला तरी स्थिर अवस्था येईपर्यंत बराच वेळ जातो. तेवढ्यात गरातलं पाणी गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकतं आणि कडेने सुकतं. म्हणजे मोजणी संपते तेव्हा समोर असलेला पदार्थ सुरुवातीचा राहिलेला नसतो.

ताज्या फळाला योग्य पद्धत सुईची. बारीक पोकळ सुईत तापणारी तार आणि तापमान मोजणारं थर्मोकपल असतं. सुई गरात टोचायची, ठरावीक वीज सोडायची आणि मिनिटभर सुईचं तापमान कसं चढतं ते नोंदवायचं. गर उष्णता भराभर वाहून नेत असेल तर तापमान हळू चढतं, नेत नसेल तर झपाट्याने चढतं. सगळी वाढ काही अंशांचीच असते, त्यामुळे फळ शिजत नाही आणि पाणीही जागचं हलत नाही. माती आणि मऊ खडकासाठीही हीच पद्धत प्रमाणित आहे.

२. साहित्य गोळा करा

- १८ गेजची स्पायनल सुई, लांबी ९० मिलीमीटर. सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते.
- ०.१ मिलीमीटर जाडीची इनॅमल चढवलेली कॉन्स्टंटन तार, दोन-तीन मीटर.
- बारीक तारेचं के-टाइप थर्मोकपल.
- मॅक्स ३१८५६ चिपचं थर्मोकपल मॉड्यूल आणि आर्डुइनो (नोंदी घेणारा छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड).
- एलएम ३१७ रेग्युलेटर (प्रवाह स्थिर ठेवायला), ६.२ ओहमचा रेझिस्टर, उष्णता काढणारी अॅल्युमिनियमची पट्टी.
- १२ व्होल्टची चांगली बॅटरी.
- मल्टिमीटर.
- दोन भागांचं, सावकाश सुकणारं अरल्डाइट.
- चायना ग्रास (किराणा दुकानात मिळतो तोच) आणि औषधाच्या दुकानातली ग्लिसरीनची न उघडलेली बाटली.
- मासळीवाल्यांकडे असते तशी जाड थर्माकोलची पेटी.
- रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायला), आणि ओलावा काढायला ओव्हन. व्हॅक्युम ओव्हन मिळाला तर उत्तम.

इलेक्ट्रॉनिक्सचं सामान लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतं. तिथे एक सापळा आहे. थर्मोकपलचं मॉड्यूल मागितलं की दुकानदार मॅक्स ६६७५ पुढे करतो, कारण ते स्वस्त असतं आणि खूप खपतं. त्याची पायरी पाव अंशाची असते. आपली मोजायची वाढच सव्वा-दीड अंशाची, म्हणजे आलेखावर पाच-सहा पायऱ्यांचा जिना दिसेल आणि त्याचा उतार काढायला काहीच उरणार नाही. मॅक्स ३१८५५ चीही तीच गत. ३१८५६ अंशाच्या शंभराव्या भागापेक्षाही बारीक वाचतं. तेच घ्या, पैसे वाचवायला जाऊ नका.

३. सुई तयार करा

टोकाकडचा ३० मिलीमीटर भाग कापून सुई ६० मिलीमीटरची करा आणि टोक पुन्हा तिरकं घासून घ्या. तुर्भे, महापे, रबाळे इथल्या एमआयडीसीत ग्राइंडर असलेलं कोणतंही छोटं वर्कशॉप हे काम करून देईल. जाडी १.२७ मिलीमीटर, म्हणजे लांबी जाडीच्या साधारण ४७ पट झाली. हे प्रमाण ३० च्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर सुईच्या टोकांकडून निसटणारी उष्णता मोजणीत घुसते.

कॉन्स्टंटनची तार मधोमध दुमडून सुईच्या पूर्ण लांबीभर आत सरकवा. नायक्रोमऐवजी कॉन्स्टंटन घेण्याचं कारण असं, की तापल्यावर तिचा रोध जवळजवळ बदलत नाही. थर्मोकपलचा सांधा सुईच्या बरोबर मध्यावर यायला हवा. मग अरल्डाइट कालवून किंचित कोमट करा, म्हणजे पातळ होईल. सुईच्या मुठीला रिकामी सिरिंज लावा आणि टोक अरल्डाइटमध्ये बुडवून हळूहळू वर ओढा. असं केल्याने आत हवेचा बुडबुडा राहत नाही. बुडबुडा राहिला तर सुई कायमची मंद होते. दिवसभर सुकू द्या.

सुकल्यावर मल्टिमीटरने तपासा. तापणारी तार आणि सुईचं पोलाद यांच्यात जोड दिसता कामा नये, थर्मोकपल आणि पोलाद यांच्यातही नाही. जोड दिसला तर सुई टाकून द्या आणि दुसरी करा. अशा सुईचे आकडे कधी बरे येतात, कधी वेडेवाकडे, आणि कोणते खरे ते कळायला मार्ग नसतो.

४. वीज स्थिर ठेवा

०.१ मिलीमीटर कॉन्स्टंटनचा रोध मीटरला सुमारे ६२ ओहम असतो. तार दुहेरी आहे, म्हणजे सुईच्या दर मीटर लांबीला सुमारे १२५. तुमच्या रिळाची एक मीटर तार मोजून खात्री करा. एलएम ३१७ च्या आउटपुट आणि अॅडजस्ट या पायांमध्ये ६.२ ओहम जोडला की प्रवाह सुमारे ०.२ अँपिअरवर बांधला जातो. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ०.०४ × १२५ = ५ वॅट प्रति मीटर. फळासाठी ही मात्रा छान आहे. १० च्या वर जायची गरज नाही.

वीज बॅटरीवरूनच द्या. भिंतीच्या सॉकेटवरचा स्वस्त अॅडॉप्टर थर्मोकपलच्या सूक्ष्म व्होल्टेजमध्ये गोंगाट मिसळतो. त्याच कारणाने मॅक्स ३१८५६ च्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झचा फिल्टर निवडा. ते मूळचं ६० हर्ट्झवर असतं, आपली वीज ५० ची. हे राहिलं तर आलेखाला बारीक थरथर येते आणि माणूस उगाच फळात दोष शोधत बसतो.

आणखी एक गोष्ट. सुईएवढ्याच रोधाचा (सुमारे ७.५ ओहम) एक वेगळा रेझिस्टर ठेवा. प्रवाह आधी त्यातून दोन मिनिटं वाहू द्या, मग स्विचने सुईकडे वळवा. असं केलं की पहिल्या क्षणापासून प्रवाह स्थिर मिळतो.

५. आधी ओळखीच्या पदार्थावर मोजा

फळाला हात लावण्याआधी सुईची परीक्षा घ्या. २०० मिलीलीटर पाण्यात १ ग्रॅम चायना ग्रास उकळून विरघळवा आणि भांड्यात गोठू द्या. हे पाणीच आहे, फक्त न हलणारं. त्याची वाहकता पाण्याइतकी धरा: २५ अंशांना ०.६०७, ३० अंशांना सुमारे ०.६१५. साध्या पाण्यात मोजू नका. सुईभोवतीचं पाणी तापून वर चढू लागतं आणि वाहकता आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

दुसरी परीक्षा ग्लिसरीनची. ते दाट असल्याने सहज हलत नाही. २५ अंशांना त्याची वाहकता ०.२८ ते ०.२९ असते. ग्लिसरीन हवेतली वाफ ओढून घेतं आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर झपाट्याने, म्हणून बाटली त्याच दिवशी उघडलेली असावी.

खरा आकडा भागिले तुमचा आकडा, हा तुमच्या सुईचा गुणक. तो १ च्या आसपास, समजा ०.९५ ते १.०५, आणि दोन्ही पदार्थांना साधारण सारखा आला तर सुई वापरण्याजोगी आहे. चायना ग्रासला १.०२ आणि ग्लिसरीनला १.१५ असं आलं, तर गुणक लावून पुढे जाऊ नका. सुईत काहीतरी सैल आहे.

६. फळ निवडा आणि त्याला निवांत होऊ द्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

हापूस सुरुवातीला सोयीचा आहे, पण फळ मोठं घ्या. मिनिटभरात उष्णता सुईपासून साधारण ६ मिलीमीटर पसरते. सुईच्या चारही बाजूंना किमान १ सेंटीमीटर गर हवा, म्हणजे कोय आणि साल दोन्ही या वर्तुळाबाहेर राहतील. छोट्या आंब्याच्या गालात तेवढा गर नसतो. कलिंगड, अननस, पपई, सफरचंद यांत जागा भरपूर मिळते, फक्त पपईची पोकळी आणि अननसाचा दांडा टाळा. चिकूत बियांची अडचण होते. स्ट्रॉबेरी आतून पोकळ निघू शकते. द्राक्ष या सुईसाठी फार लहान आहे, त्याला वेगळी, बारीक आणि आखूड सुई लागते.

फळाचा इतिहास लिहून घ्या: कच्चं की पिकलेलं, आढीत पिकलं की रायपनिंग चेंबरमध्ये, कोणत्या भागातलं, बाजारात कधी आलं. गाळ्यावर विचारलं तर अडतदार हे सांगतात. एकाच पेटीतली फळं घेतली तर तुलना करता येते.

फळ आणि सुई दोन्ही थर्माकोलच्या पेटीत ठेवून रात्रभर एकाच खोलीत राहू द्या. एसी चालू-बंद होत असेल तर पेटी त्याच्या झोतापासून लांब ठेवा. सकाळी सुई टोचा, पेटी बंद करा आणि वीज न सोडता नुसतं तापमान बघत राहा. पाच मिनिटांत ते ०.०५ अंशापेक्षा जास्त सरकत असेल तर थांबा. भिंतीवरच्या थर्मामीटरवर विसंबू नका. पिकणारा आंबा श्वसनातून स्वतः उष्णता तयार करतो आणि बंद पेटीत खोलीपेक्षा किंचित गरम राहू शकतो. फळ निवांत झालं की नाही, हे सुईच सांगेल.

थंड फळ मोजायचं असेल तर मोजणी शीतगृहातच करा. मे महिन्यात १३ अंशांचा आंबा वाशीच्या हवेत बाहेर काढला की क्षणात त्याला पाणी सुटतं. ते फळातलं नसतं, हवेतली वाफ सालीवर जमते. ती वाफ जमताना फळाला उष्णता देते, नंतर वाळताना काढून घेते, आणि तापमान कित्येक तास डोलत राहतं. शिवाय सालीवरचं पाणी सुईच्या छिद्रातून आत उतरतं. बाहेर आणणं भागच असेल तर फळ आतच प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि पूर्ण कोमट झाल्याशिवाय उघडू नका.

७. टोचा आणि मोजा

सुई देठाकडून, कोयीला समांतर, गालाच्या मधोमध एकाच सरळ रेषेत आत घाला. हलवू नका, फिरवू नका. छिद्र रुंदावलं की सुईभोवती हवा शिरते, आणि हवेची वाहकता ०.०२६ म्हणजे गराच्या विसाव्या भागाएवढी आहे. सुई मुठीपर्यंत पूर्ण आत जायला हवी.

तापमान स्थिर झालं की प्रवाह सुईकडे वळवा आणि दर सेकंदाला नोंद घ्या, एकूण ६० ते ७० सेकंद. मग वीज बंद. पुढच्या मोजणीआधी १५-२० मिनिटं जाऊ द्या आणि नवीन जागी टोचा, आधीच्या छिद्रापासून किमान २ सेंटीमीटर दूर. जुन्या छिद्रात रस साचलेला असतो. एका फळात तीन आणि एका पेटीतून पाच-सहा फळं तपासली तर सरासरीला अर्थ राहतो.

८. आलेख काढा

एक्सेलमध्ये आडव्या अक्षावर वेळेचा नैसर्गिक लॉग आणि उभ्या अक्षावर तापमान घ्या. पहिले दहा सेकंद सोडून द्या, त्यात सुई स्वतःच तापत असते. १० ते ६० सेकंदांचा भाग सरळ रेषेत यायला हवा. त्या रेषेचा उतार काढा.

वाहकता = दर मीटरची वीज ÷ (४ × π × उतार), π म्हणजे ३.१४१६

समजा वीज ५ वॅट प्रति मीटर आणि उतार ०.७४ आला. ४ × ३.१४१६ × ०.७४ = ९.३०. ५ भागिले ९.३० म्हणजे ०.५३८. सुईचा गुणक १.०२ असेल तर उत्तर ०.५४८.

इथला सापळा असा, की एक्सेल रेषेच्या जुळणीचा आकडा (R²) ०.९९९ दाखवतं आणि माणूस समाधान मानतो. किंचित वाकलेली रेषासुद्धा ०.९९९ देते. म्हणून १० ते ३० आणि ३० ते ६० सेकंदांचे उतार वेगवेगळे काढून बघा. ते जुळले तर ठीक. शेवटी रेषा वर वळत असेल तर उष्णता सालीपर्यंत किंवा कोयीपर्यंत पोचली आहे आणि तिथे अडते आहे. वेळ कमी करा किंवा मोठं फळ घ्या. खाली वळत असेल तर सुईभोवती मोकळा रस आहे आणि तो हलतो आहे. अति पिकलेल्या फळात आणि कलिंगडात हे दिसतं.

९. फळ कापा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. माझं मत ठाम आहे: फळ कापून सुई कुठून गेली ते पाहिल्याशिवाय वहीत आकडा लिहू नये. सुई आतच ठेवून तिच्या शेजारून काप घ्या. कोयीपासून अंतर पट्टीने मोजा. गराचा रंग आणि पोत बघा, फोटो काढा.

हापूसमध्ये हे फारच महत्त्वाचं, कारण साका. बाहेरून देखण्या दिसणाऱ्या आंब्यात कोयीजवळचा गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट निघतो, हे कोकणातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्या भागात हवेचे कप्पे असतात, त्यामुळे सुई तिथून गेली की वाहकता पडते. तो आकडा चुकीचा नाही, पण तो निरोगी गराचाही नाही. त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करा. सालीखालचा निरोगी गर आणि कोयीजवळचा साका, दोन्हीचे आकडे एकाच फळातून मिळाले तर ती नोंद जपून ठेवण्यासारखी आहे. कापलेलं फळ खाऊ नका. सुईत अरल्डाइट आहे.

१०. आकडा पटतो का ते बघा

फळाची वाहकता मुख्यतः पाण्यावर ठरते. व्ही. ई. स्वेट यांनी १९७४ मध्ये फळं आणि भाज्यांवर याच सुईच्या पद्धतीने मोजण्या करून एक साधं समीकरण दिलं. पाणी ६० टक्क्यांच्या वर असलेल्या फळाला ते चालतं:

वाहकता = ०.१४८ + ०.००४९३ × पाण्याची टक्केवारी

८२ टक्के पाणी असलेल्या आंब्याला यातून ०.५५२ येतं, ७५ टक्क्यांच्या केळ्याला ०.५१८, ९२ टक्क्यांच्या कलिंगडाला ०.६०२. तुमचा आकडा यापासून पाच-सात टक्क्यांत असेल तर मोजणी ठीक आहे. शुद्ध पाण्यापेक्षा जास्त आला तर काहीतरी नक्की बिघडलं आहे.

पाण्याची टक्केवारी गर वाळवून काढा. गोड फळाला १०५ अंशांचा ओव्हन नको, साखर करपते आणि तिचं घटलेलं वजन पाण्यात धरलं जातं. व्हॅक्युम ओव्हनमध्ये ७० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्सही, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाणही घ्या. हापूस पिकताना ब्रिक्स चढत जातं, त्यामुळे कच्च्या-पक्क्याच्या तुलनेत त्याचा उपयोग होतो.

सफरचंदाला मात्र हे समीकरण लावू नका. त्यात पाणी ८४ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे हिशोबाने ०.५६ यायला हवं, पण मोजून साधारण ०.४२ येतं. कारण त्याच्या आकारमानाचा पाचवा ते चौथा हिस्सा हवा आहे. सफरचंद पाण्यावर तरंगतं ते त्यामुळेच. नव्या माणसाने सुई तयार झाल्यावर सफरचंदही जरूर मोजावं. तिथे ०.५६ आला तर सुईला हवा आणि गर यांतला फरक कळत नाही, असं समजा.

११. वहीत काय लिहायचं

फळाचं नाव आणि इतिहास, वजन, गराचं तापमान, ब्रिक्स, पाण्याची टक्केवारी, सुईचा गुणक, प्रवाह, उतार, कापल्यावर काय दिसलं, आणि मग वाहकता. तापमान लिहिल्याशिवाय आकडा कोणाला देऊ नका. १० अंशांना पाण्याची वाहकता ०.५८ आणि ३० अंशांना ०.६१५, फळाचीही अशीच सरकते. गोठवलेल्या गराला तर हा आकडा मुळीच चालणार नाही, कारण बर्फाची वाहकता सुमारे २.२ आहे, पाण्याच्या जवळजवळ चौपट.

शीतगृहाच्या हिशोबात हा आकडा घनता आणि उष्णता धरून ठेवण्याची क्षमता यांच्यासोबत वापरतात. तिन्ही मिळून आंब्यासाठी उष्णता पसरण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.१५ चौरस मिलीमीटर येतो. अर्धी जाडी ३ सेंटीमीटर असलेल्या फळाला मध्यापर्यंत गार व्हायला ३० चा वर्ग भागिले ०.१५, म्हणजे ६००० सेकंद, शंभर मिनिटांचं माप मिळतं. हे सालीचं तापमान लगेच खोलीइतकं झालं असं धरून. पेटीत पेंढा असेल, पेट्या एकावर एक घट्ट रचल्या असतील, तर यापेक्षा बराच जास्त वेळ लागेल. त्यासाठी पेटीच्या मधल्या आंब्यात थर्मोकपल ठेवूनच बघावं लागतं.